हातावरचं दही

अकोल्याहून निघाले तेव्हा आईनं उंबऱ्यात थांबवून माझ्या तळहातावर चमचाभर दही घातलं होतं. बाबा रिक्षात बॅगा कोंबत ओरडत होते, "गाडी काय तुमच्यासाठी थांबणार आहे?" आई शांतपणे म्हणाली, "दही खाऊन गेलेलं माणूस परत येतं." मी ते घाईघाईनं चाटलं आणि हात ओढणीला पुसला. आता दिवाळीला पाहुणीसारखी येते, आणि आई माझ्यासाठी कपाटातला नवा टॉवेल काढते.

घरी राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना वाटतं, मी बंगळूरमध्ये मजेत आहे. परवाचा त्या बड्या हॉटेलातल्या टीम डिनरचा फोटो तुम्ही लाइक केलात. त्यात सगळ्यात जास्त मीच हसतेय, कारण आतून माझा नुसता जळफळाट चालला होता.

डिनर होतं वैष्णवीच्या निरोपाचं. जर्मनीच्या ज्या पोस्टिंगसाठी मी जिवाचं रान केलं, ते तिला मिळालं. हॉटेलातूनच ती विमानतळावर जाणार होती, म्हणून चामराजपेटहून तिची आईही आली होती. कितीतरी पिढ्या इथेच रुजलेलं मराठी घर त्यांचं. वैष्णवी आईला अक्का म्हणते. खरं सांगायचं तर जर्मनीपेक्षा मला त्या अक्कांचाच हेवा जास्त वाटला. भल्यामोठ्या प्लेटांमध्ये चिमूटभर पदार्थ येत होते, आम्ही त्यांचे फोटो काढत होतो, आणि अक्का लेकीच्या प्लेटमधल्या मिरच्या वेचून बाजूला ठेवत होत्या. टीम लीड झालेल्या बाईच्या मिरच्या! माझी आई फोनवर "जेवलीस का?" एवढंच विचारू शकते, आणि मी "हो" म्हणते, जेवले नसले तरी.

डेझर्ट संपलं तसं अक्कांनी वेटरला हाक मारली. "स्वल्प मोसरु कोडप्पा." थोडं दही दे बाबा. तो "सरी, अम्मा" म्हणून गेला आणि एवढ्याशा वाटीत दही घेऊन आला, वर पुदिन्याचं पान आणि कसलंसं जांभळं फूल. अक्कांनी फूल उचलून नॅपकिनवर ठेवलं आणि सगळ्यांदेखत वैष्णवीच्या तळहातावर दही घातलं. टीममधल्या कुणाला काही कळलं नाही. मला मात्र तिथं बसवेना. मी पर्स उचलली.

"थांब गं," अक्का म्हणाल्या. "तू पण हात पुढं कर."

"मी कुठे चाललेय, काकू? एचएसआरला, माझ्या खोलीवर तर जातेय."

"मग घरी जाताना देऊ नये काय?"

त्या दिवशी मी हात पुसला नाही. ऑटोत बसल्या बसल्या आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

"हॉटेलातलं दही," आई म्हणाली. "आंबट असेल."

"नव्हतं गं."

"असेलच. तुला कळत नाही."

वैष्णवीचा हेवा माझ्या मनातून गेलेला नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू. पण आईच्या आवाजात मला तोच हेवा ऐकू आला, अगदी माझ्यासारखाच, लपवता न येणारा. नव्या टॉवेलमुळे मी धरून चालले होते की त्या घरात मी आता पाहुणी आहे. पाहुणीच्या हातावर दुसऱ्या कुणी दही घातलं, तर कुणाचा जीव असा जळत नाही.