पाठीमागून बोलणाऱ्याला जवाब नाही

मी आज चार माणसांत उभा राहून बोलू शकतो, ते गिरणीतल्या मास्तरांमुळे. दिवसभर ते कापड गिरणीच्या साचेखात्यात माग चालवत आणि सकाळी नागपुरात इतवारीतल्या धर्मशाळेच्या गच्चीवर योगासने शिकवत. त्यांचा दंडक एकच होता. "पाठीमागून बोलणाऱ्याले मी जवाब देत नाही. समोर ये, तोंड उघडून बोल."

मी कळमेश्वरहून कॉलेजसाठी आलेला, घराण्यातला पहिलाच. बोलताना नजर पायाच्या अंगठ्यावर. मास्तर हनुवटीला बोट लावून माझे तोंड वर करत आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावत. वर्गातले म्हणत, मास्तरले लय गुर्मी आहे. मलाही तसेच वाटे. पण बी.ए. झाल्यावर उमरेडच्या शाळेच्या मुलाखतीत मी समोर पाहून उत्तरे दिली, आणि नोकरी मिळाली. दिवाळीनंतर रुजू व्हायचे होते.

त्याच दिवाळीत तीस माणसांना पचमढीच्या धबधब्यांजवळ नेऊन शिबिर घ्यायचे, असे मास्तरांनी ठरवले होते. वही केली होती. कोणत्या घळीत प्राणायाम, कोणत्या डोहाकाठी शवासन, म्हाताऱ्यांसाठी किती काठ्या. स्वतः बसून पाहिल्याशिवाय कोणाला कुठे बसवायचे नाही, म्हणून दसऱ्याला आम्ही दोघे आधी जागा पाहायला गेलो.

घळीत उतरून मास्तरांनी धबधब्याच्या पायथ्याशी पद्मासन घातले. पाणी असे कोसळत होते की मला माझेच बोलणे ऐकू येईना. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि वहीत लिहिले. मी वाकून वाचले : "शवासन इथेच. जागा अगदी शांत."

 हनुवटीला लागणारे ते बोट आठवले. मास्तर इतकी वर्षे आमचे ओठ वाचत होते.

गप्प राहिलो असतो, तर पहिल्याच दिवशी तीस माणसांपुढे त्यांची शोभा झाली असती. मी समोर गेलो. "मास्तर, इथं तुमचा आवाज कोणालेच ऐकू नाही येणार."

त्यांनी पाण्याकडे पाहिले. मग माझ्या कानाशी येऊन ओरडून म्हणाले, "लय आवाज करून राहिलं का गा हे?"

मी मान हलवली.

"गिरणीतल्या साच्यायनं नेले कान. बहिऱ्या मास्तरकडं कोण येईल शिकायले, म्हणून बोललो नाही." त्यांनी वही माझ्या हाती दिली. "जागा आता तू ठरव. मी बसून पाहीन, तू ऐकून पाह्य."

शिबिर वरच्या अंगाला झाले, नदी जिथे सपाटीवर संथ वाहते तिथे. शेवटच्या दिवशी मास्तरांनी स्वतःच सर्वांना सांगून टाकले. नागपूरला परतल्यावर गच्चीवर एकही माणूस कमी नव्हता. सगळे मुकाट्याने पुढे सरकून बसले होते.

उमरेडहून मी त्यांना पहिले पत्र लिहिले :

"ती. मास्तरांस साष्टांग नमस्कार. आज पहिला तास घेतला. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. दसऱ्याला आपण घळीतून वर येत होतो, तेव्हा मी तुमच्या मागे होतो आणि मागूनच एक गोष्ट बोललो होतो. तुम्ही वळला नाहीत. तीच आता समोरून लिहितो : तुमच्यामुळे मी बोलता झालो. जवाब द्यावा."