भिकाजीचे अकरा दिवस

मंगळवार, ८ जुलै २०२५. अजमान.
सकाळी सातला भिकाजीचा फोन. कोरडा ३४, ओला ३०, फरक ४. डोंगर दिसत नाही. माठातलं पाणी आजही गार नाही. विनिताला ऑफिसात उशीर झाला. सृष्टीने पडवळ खाल्लं नाही. बाल्कनीच्या काचेला बाहेरून घाम. कपडे वाळले नाहीत, आत पंख्याखाली घातले.

एवढं लिहून शोभनाबाईंनी पेनाला टोपण लावलं. रोज इथेच वही मिटायची. बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी लावलेली सवय होती ती: आज काय झालं ते लिहा, कसं वाटलं ते देव बघेल. साठ वर्षांहून जास्त काळ त्यांनी हा नियम पाळला होता, आणि लिहिलेली पानं मागे उलटून बघायची ती फक्त एकतीस डिसेंबरला. पण आज 'फरक ४' हा आकडा काही केल्या डोळ्यापुढून हलेना. त्यांनी पानं मागे उलटली.

हा फरक म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. शोभनाबाईंचे यजमान उल्हासराव अमिरातीतल्या अल ऐनच्या बाजूला विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायच्या कामावर होते. अल ऐन समुद्रापासून आत, लाल वाळू आणि खजुराच्या बागांच्या मधोमध वसलेलं. दक्षिणेला उघडाबोडका जेबेल हफीतचा डोंगर. उल्हासरावांनी घरामागच्या अंगणात, छातीएवढ्या उंचीवर, झडपांची एक पांढरी पेटी ठोकली होती. आत दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एक उघडा, तो कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलची वात गुंडाळलेली आणि वातीचं शेपूट पाण्याच्या वाटीत, तो ओला. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी भराभर पिते आणि ओल्याचा पारा उतरतो. हवेतच पाणी भरलेलं असलं की दोघांचे पारे जवळजवळ येतात. १ जानेवारी १९८८ पासून रोज सकाळी सातला उल्हासराव हे दोन आकडे घेत, आणि शोभनाबाई त्यांच्या वहीत उजव्या हाताला त्यांचा रकाना आखून देत. सहा वर्षांपूर्वी ते गेले. त्या दिवशीसुद्धा सातचे आकडे आहेत. ते भिकाजीने घेतले होते, तळहातावर बॉलपेनने लिहून, हॉस्पिटलच्या दारात आणून दाखवले होते.

भिकाजी राजापुराकडचा. बावीस वर्षांपूर्वी आला तो त्या गल्लीतल्या व्हिलांच्या झाडांना पाणी घालायच्या कामावर. चौथीपर्यंत शिकलेला. साहेब रोज पेटीपुढे वाकून काय बघतात, याचं त्याला फार कुतूहल. एकदा उल्हासरावांनी त्याला बोलावून पारा कसा वाचायचा ते शिकवलं. डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा, श्वास दुसरीकडे सोडायचा. "देवाला नमस्कार करतो तसंच की ओ," म्हणाला होता.

यंदा एप्रिलात शोभनाबाई न्हाणीघरात घसरल्या. मनगटावर निभावलं, पण राजनने ऐकलं नाही. "आई, लॉजिकली बघ ना. तू तिथे एकटी, मी इथे. रात्री काही झालं तर दीड-दोन तास ड्राइव्ह आहे." मे महिन्यात त्या मुलाकडे अजमानला आल्या, समुद्रापासून दोन गल्ल्यांवर, अकराव्या मजल्यावर. सोबत माठ आणला आणि वह्यांच्या दोन ट्रंका. पेटी तिथेच ठेवली. अल ऐनचे आकडे अल ऐनलाच घ्यायला हवेत, आणि भिकाजी गल्लीत होताच. निघताना त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "साहेबांची सकाळ मोडू देऊ नकोस रे."

"नाय मोडणार, बाई."

तेव्हापासून रोज सातला फोन. कोरडा किती, ओला किती, आणि शेवटी डोंगर. 'डोंगर स्वच्छ', 'डोंगर अर्धा', 'धुरळ्यात'. शोभनाबाई डोळे मिटून ऐकायच्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, सात ते सात-पाच आजीशी बोलायचं नाही.

आता पानांवर त्यांचं बोट फिरत होतं. २७ जून: ३३, २२, फरक ११, डोंगर स्वच्छ. २८ जून: ३४, ३०, फरक ४. तेव्हाच त्यांनी भिकाजीला विचारलं होतं, वात कोरडी पडली नाही ना? "नाय बाई, चिंब आहे." वातीवर क्षार चढले असतील म्हणून वात बदलायला सांगितली. तरी चार, तीन, पाच. मध्ये ३ जुलैला एकदम नऊ झाला, तेव्हा त्यांना वाटलं, चला, सुधारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. असा एखादा दिवस त्यांनी अल ऐनला पाहिलेला होता. अकरांत असे दहा दिवस, तेही उन्हाळ्यात, सदतीस वर्षांत कधी नाही.

आणि अकराही दिवस 'डोंगर दिसत नाही'.

माठाचंही असंच चाललं होतं. अल ऐनच्या बाजारातून आणलेला, तीस वर्षं दात शिवशिवतील असं पाणी देणारा माठ अजमानला आल्यावर रुसून बसला होता. शोभनाबाईंनी त्याला काथ्याने घासलं, दोन रात्री पाण्यात बुडवून ठेवलं, इथल्या पाण्याने छिद्रं बुजली म्हणून सुनेपाशी, विनितापाशी, कुरकूर केली. त्या संध्याकाळी त्या पुन्हा काथ्या घेऊन बसल्या, तेव्हा चौदा वर्षांची नात सृष्टी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आजी, द पॉट इज नॉट ब्रोकन. इट्स जस्ट अजमान."

शोभनाबाईंचा हात थांबला.

उल्हासराव नेहमी म्हणायचे, माठ हाही ओला थर्मामीटरच. त्या आत गेल्या आणि वही पुन्हा उघडली. 'माठ गार नाही', 'माठ गार नाही', हे रोजचंच. फक्त ३ जुलैला: 'वारा जमिनीकडून. माठ गार.' त्याच दिवशी भिकाजीचा फरक नऊ. माठ आणि पेटी एकाच हवेत होते. माठ समुद्राजवळ होता. म्हणजे पेटीही समुद्राजवळच होती.

पेटी अल ऐनला नव्हती.

सदतीस वर्षांच्या रकान्यात अकरा खोटे दिवस त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. आणि लिहायला लावणारा भिकाजी. 'न सांगणं' हेही पाप, सिस्टरांनी शिकवलं होतं. पण सकाळी सरळ 'तू कुठे आहेस' म्हणून विचारलं, तर तो माणूस एकतर खोटं बोलेल नाहीतर मेल्याहून मेल्यासारखा होईल. त्यांना दोन्ही नको होतं.

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला. आकडे लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भिकाजी, वाती संपत आल्या असतील ना? मी नव्या कापून पाठवते. पत्ता सांग."

पलीकडे बसचा हॉर्न वाजला, कोणीतरी "यल्ला, जल्दी करो" म्हणून ओरडलं.

"भिकाजी?"

"बाई, तुम्हाला कळलंय."

"हो."

"अल क्वोजला हाय मी. दुबईत. कंपनीने इकडल्या गोडाउनांवर पाठवलं. तिकडे घरात नवीन लोक आले, त्यांना अंगणात गाडी लावायची, म्हणाले खोका फेकून दे. दोन्ही एकाच आठवड्यात आलं. टाकवली नाय. बसमध्ये मांडीवर घेऊन आलो."

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"सांगणारच होतो. पहिल्या दिवशी आकडा सांगितला, तुम्ही 'बरं' म्हणालात नि लिवलंत. मग दुसऱ्या दिवशी काय तोंडाने सांगू? पण आकडा एक पण खोटा नाय, बाई. तेहतीस-बावीस ठोकून देता आलं असतं. तुम्हाला कळलं पण नसतं. साहेबांच्या पेटीपुढे जमलं नाय."

"आणि डोंगर?"

"डोंगर हितनं दिसतच नाय. ते पण खरंच सांगितलं."

शोभनाबाईंना हसू आलं आणि त्याच क्षणी डोळेही भरले. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रात्री जेवताना त्यांनी राजनला सांगितलं. तो घास थांबवून म्हणाला, "मग आई, तुझी कंटिन्युइटी ब्रेक झालीच की. आता कशाला त्या भिकाजीला त्रास? पेटी घेऊन येऊ, बाल्कनीत लावू, तूच वाच. खलास." त्याचं चुकत नव्हतं. विनितानेही मान डोलावली. शोभनाबाईंनी सृष्टीला भात वाढला.

गुरुवारी सात वाजले. फोन आला नाही.

सात-पाच झाले. सृष्टी शाळेची सुट्टी असून उठून आली आणि दारात उभी राहिली. शोभनाबाई वही उघडून बसल्या होत्या. उजवा रकाना रिकामा. उल्हासराव गेले त्या दिवशीही तो रिकामा नव्हता. तेव्हा त्यांना उमगलं की अल ऐन सुटलं याचं दुःख त्यांनी केव्हाच गिळलं होतं. सहन होत नव्हती ती ही रिकामी जागा, आणि कोणीतरी पेटीपुढे वाकलेलं नसणं.

सात-दहाला त्यांनीच फोन लावला.

"आज किती?"

"बाई, मला वाटलं तुम्ही आता..."

"तुला काय वाटलं ते मागाहून. आकडा सांग."

धावल्याचा आवाज, धाप. मग, "तेहतीस. एकोणतीस."

"दहा मिनिटं उशीर," म्हणत त्यांनी लिहिलं.

रविवारी भिकाजीची सुट्टी. राजन गाडी काढून आईला अल क्वोजला घेऊन गेला. दोन्ही बाजूंना पत्र्याची गोडाउनं, गॅरेजं, उभे ट्रक, आणि मग कामगारांच्या बराकी. दार उघडून पाय बाहेर ठेवला, तोच शोभनाबाईंच्या चष्म्यावर धुकं चढलं. हवा अंगाला ओल्या पंच्यासारखी चिकटली. अल ऐनचं ऊन भाजायचं. पण इथे नुसतं उभं राहायलाही मेहनत लागत होती. काच पुसली तेव्हा समोर भिकाजी होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला, पांढरे केस विंचरलेले. हातात चादरीत गुंडाळलेली पेटी.

"रंग देऊन ठेवली," तो खाली बघून म्हणाला. "तुम्ही न्यायला येणार म्हणून काढली."

त्याच्यामागे त्याच्याच खोलीतला महादू उभा होता, पाटणकडचा, रुंद छातीचा. "बाई, नेऊ नका हो ही," तो म्हणाला. "आमची वेधशाळा बंद पडंल."

"गप रे."

"का गप? बाई, ह्याला सगळे वेधशाळाच म्हणतात. आधी आम्ही लई हसलो. म्हटलं, लोकं पहाटे देवाला हात जोडतात, हा डब्याला जोडतो. मग एक दिवस म्हणाला, आज फरक तीन हाय, घाम वाळायचा नाय, जपून. त्या दिवशी साइटवर दोघं चक्कर येऊन पडले. तवापासून फरक चारच्या खाली आला की मी दोन बाटल्या जास्त नेतो, मीठ-लिंबू घालून. आता फोरमन पण विचारतो, ए वेधशाळा, आज क्या है?"

"दुपारी तर काम बंदच असतं ना?" राजनने विचारलं.

"साडेबारा ते तीन बंद, साहेब. पण इथली हवा काय घड्याळ बघून येती?"

शोभनाबाईंनी पेटी गाडीच्या बॉनेटवर ठेवायला सांगितली. झडप उघडली. वात पिवळी पडून कडक झाली होती. त्यांनी पर्समधून नव्या वाती काढल्या. उल्हासरावांच्या पूजेच्या मलमलच्या धोतराच्या होत्या त्या. आजवरच्या सगळ्या वाती त्याच धोतराच्या. एक बांधली, वाटीत पाणी ओतलं.

"कुठे टांगली होतीस?"

भिकाजीने दाखवलं: बराकीमागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, उत्तरेकडे तोंड करून. शोभनाबाईंनी जागा बघितली. साहेबांनी निवडली असती तीच.

"परत लाव."

भिकाजीने वर बघितलं. राजन म्हणाला, "आई, अगं आपण न्यायला..."

"बाल्कनीत ती कोणाला उपयोगी पडणार, राजन? मला घाम आला तर मी आत जाऊन एसी लावते."

महादूने खिळा ठोकला. पारा स्थिरावेपर्यंत सगळे सावलीत उभे राहिले. महादूने कुठूनशी प्लास्टिकची खुर्ची आणली, त्यांनी ती नाकारली. दहा मिनिटांनी भिकाजी वाकला, आणि त्याच्या शेजारी, गुडघ्यावर हात टेकून, शोभनाबाई वाकल्या. दोघांनीही श्वास बाजूला सोडला.

"छत्तीस," तो म्हणाला.

"एकतीस," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवीतून वही काढली. २७ जूनच्या ओळीखाली पट्टीने एक रेघ मारली. तिच्याखाली उजव्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं: 'अल क्वोज. नोंद भिकाजीची.' आकडा एकही खोडला नाही. भिकाजीला अक्षर लावायला वेळ लागला. वाचून झाल्यावर तो टाकीच्या नळावर तोंड धुवायला गेला, आणि जरा जास्तच वेळ धूत राहिला.

"उद्या सात," गाडीत बसताना त्या म्हणाल्या. "आणि डोंगर सांगायची गरज नाही आता."

"मग शेवटी काय सांगू?"

त्यांनी विचार केला. "महादूने किती बाटल्या नेल्या ते सांग."

रविवार, १३ जुलै २०२५. अजमान.
अल क्वोजला जाऊन आले. सकाळी सातला ३४, २९, फरक ५. भिकाजीला वाती दिल्या, बारा. राजनने येताना पेट्रोल भरलं. रात्री खिचडी, सृष्टीने दोनदा घेतली. माठ पुसून कोरडा केला, आत आणला. त्यात कांदे ठेवले, साधारण तीन किलो मावले.