गुलाबपाण्याचा कापूस
बाळांनो, आज गुलाबपाण्याची बाटली उघडली आणि एक जुनी दुपार आठवली. सटाण्याची एक नर्स परदेशातल्या नोकरीच्या परीक्षेसाठी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत असे. परीक्षा दोन दिवसांवर आली होती आणि एकाच धड्यावर तिचा आवाज अडायचा: रुग्ण गेल्यावर त्याचं अंग पुसताना, तो ऐकतोच आहे असं समजून, प्रत्येक गोष्ट त्याला सांगून करायची. तिची आजी गावी वारली तेव्हा ही इथे शहरात ड्यूटीवर होती. शेवटचं पाणीसुद्धा तिला घालता आलं नव्हतं. शेवटी मीच दिवाणावर आडवी झाले. "मी मेले आहे. बोल." ती ओरडलीच, "मॅडम, आधी उठा! जित्या माणसाने दक्षिणेकडे पाय करू नयेत." "अगं, मेलेय ना मी?" "परीक्षेपुरत्या! फिरा तिकडून." मी उशी फिरवली, डोळे मिटले. पंखा सावकाश फिरत होता, नदीकाठच्या देवळातली घंटा पाण्याखालून आल्यासारखी वाटत होती. गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस कपाळाला लागला. "आता मी तुमचा चेहरा पुसते आहे," ती इंग्रजीत म्हणाली, अजिबात न अडखळता. मग कापूस गालावर थांबला आणि ती अगदी हळू, मराठीत म्हणाली, "आजी, डोळे पुसते हं." मी हलले नाही आणि चूकही काढली नाही. तुम्ही मुलं माझ्यापासून फार लांब आहात. माझ्या शेवटच्या वेळी पोहोचता आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. कुणीतरी असंच सांगून पुसेल, आणि मी तो तुमचाच हात समजेन.