मेक्सिकोचा रुसलेला जावई

मेक्सिकोवर व्हिडिओ करण्याचं माझं कारण एकच होतं, तिथून मलकापूरला भांडायला कोणी येणार नव्हतं. आपल्याकडच्या कशाचीही टिंगल केली की लगेच कोणीतरी दारात उभं राहतं. मेक्सिको कसं लांब, बिनधोक. मोबाइलवरच्या एआयला एक ओळ लिहून दिली की भली मोठी टोपी, झुपकेदार मिशा आणि मागे निवडुंग, असा माणूस काही सेकंदांसाठी हजर. आवाज मी भरायचे, अस्सल वऱ्हाडी.

अडचण एवढीच की मेक्सिकोबद्दल मला टोपी आणि मिरची सोडून काही ठाऊक नव्हतं. त्यामुळे तिथले लोक माझ्या व्हिडिओत आमच्या उंद्री गावच्या लग्नात पाहुणे वागतात तसेच वागायचे. वरण पातळ झालं म्हणून भांडायचे, आहेरातल्या कापडाला नाकं मुरडायचे.

एकदा मी लग्नात रुसलेला मेक्सिकन जावई केला. पहिल्या पंगतीला बोलावलं नाही म्हणून तो मांडवामागे जाऊन बसतो, वाट पाहतो आणि शेवटी उपाशीच गाढवावर बसून निघून जातो. लोकांना फार आवडला. जळगाव जामोदला माझ्या मोठ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, मुळीच आवडला नाही.

माझं स्वतःचं लग्न तोंडावर आलं होतं. भाऊजींचा निरोप आला की मेक्सिकोच्या जावयाला बोलवा, आम्ही येत नाही. ते नाहीत म्हणजे ताईही नाही, आणि ताईशिवाय हळद लावून घ्यायची या कल्पनेनेच मला रडू फुटलं. आईने डोळे पुसायचे सोडून मलाच झापलं. "आता जाय अन् तूच समजाव त्याहिले!" म्हणाली. मी बस पकडून जळगाव जामोद गाठलं.

भाऊजी ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी त्यांच्या पाठीलाच नमस्कार केला आणि विचारलं, "भाऊजी, तो व्हिडिओ डिलीट करू का?"

"डिलीट कराले कोनी सांगतलं?" ते भिंतीला म्हणाले. "मले हे सांग, त्या मानसाले समजावाले कोनी काऊन गेलं नाही?"

मी ओसरीच्या कडेला टेकले. मग तेच हळूच बोलले. "उंद्रीले तुया चुलतभावाच्या लग्नात मी रुसलो होतो. मांडवामांगं जाऊन बसलो. कोनाच्या ध्यानातच आलं नाही. मंग आपलाच उठून आलो अन् वाढप्यायसंगं जेवलो."

हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. हसू तर येत होतं, पण वाईटही फार वाटलं. जावई रुसला तर रुसला, पण त्याची समजूत काढायला कोणी गेलंच नाही, ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही.

तिथेच ओसरीत बसून दुसरा व्हिडिओ करायला घेतला. पण समजूत काढणं म्हणजे काय, हे एआयला काही केल्या कळेना. सासऱ्याने हात जोडले रे जोडले की मेक्सिकन जावई टुणकन उठून नाचायला लागायचा. भाऊजी संतापले. "काही इज्जत हाय का नाही याले? एका बोलावन्यात उठते!" पुन्हा केला, तर सासराच रुसून बसला आणि जावई त्याला मिरच्या भरवू लागला. बऱ्याच खटपटीनंतर जावयाने एकदाची मान फिरवली आणि अख्खं गाव टोप्या काढून त्याच्यापुढे उभं राहिलं.

"हाव," भाऊजी म्हणाले, "आता बरोबर हाय." तेवढ्यात ताई आतून बॅग घेऊनच बाहेर आली. निरोप धाडला त्याच दिवशी तिने ती भरून ठेवली होती.

लग्नात भाऊजी सगळ्यात पुढे होते. पहिल्या पंगतीचं बोलावणं, टोपी, दुपट्टा, सगळं वेळच्या वेळी झालं. रुसायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. तरी आईच्या जिवाला चैन पडेना. पंगत उठल्यावर मी स्टेजवरून पाहिलं, भाऊजी एका कोपऱ्यात खुर्ची टाकून निवांत पान खात बसले होते, आणि आई पदर सावरत त्यांच्याकडे निघाली होती. "जवाईबुवा, आमचं काही चुकलं असन तं..." ती लांबूनच म्हणाली.

तिचे जोडलेले हात पाहताच भाऊजींनी पान गालात सारलं, घाईघाईने खुर्ची फिरवली आणि तोंड फुगवून बसले.