उसनी जीभ

आमच्या सासूबाईंच्या जिभेला हाड नाही, हे कर्जतला आमच्या आळीत कोणालाही विचारा. विमलकाकू येताना दिसल्या की भाजीवाला किडकी वांगी आपणहून बाजूला काढतो. पण देवाने त्याच जिभेवर चवही अशी ठेवलेली की पहिल्या घासाला त्या सांगणार, गूळ नवा आहे, कोकम जुनं आहे. माझं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली. पानावर बसल्या की 'बरं झालंय, पण...' हे ठरलेलं. त्या 'पण'च्या पुढे मी काय काय ऐकलंय ते सांगत बसले तर माझंच डोकं फिरेल, तेव्हा जाऊ दे.

ही जीभ दर रमजानात शेजारी उसनी जाते. आमच्या भिंतीला भिंत लागून नफिसाभाभींचं घर. त्यांचे यजमान लियाकतभाई, त्यांचं स्टेशनजवळ खारी-टोस्टचं दुकान. गेली काही वर्षं रमजान मागे सरकत सरकत नेमका टोमॅटोच्या हंगामात येऊन बसलाय. कडावचा सुनील भात निघालं की त्याच शेतात टोमॅटो लावतो. त्याचा टेंपो दारात आला की भाभी घरचा सॉस करायला घेतात. आता रोजा धरलेल्या बाईने चव बघायची कशी? त्यांच्यात म्हणे जिभेच्या टोकावर घेऊन थुंकून टाकलं तर चालतं. भाभींना ते जमत नाही. माझी जीभ एवढी शहाणी नाय, गिळून टाकंल, म्हणतात. मग विरजण मागावं तशी भिंतीपलीकडून हाक येते, 'काकी, जीभ द्या जरा.' की निघाल्या आमच्या सासूबाई, पुरणयंत्र काखेत मारून.

पुरणयंत्र अशासाठी, की त्याच्याशिवाय तो सॉस होत नाही. लालबुंद टोमॅटो धुऊन, चिरून, आलं-लसूण आणि बेडगी मिरची घालून भाभी मोठ्या टोपात शिजवतात. लवंग-दालचिनीची पुरचुंडी टोपाच्या कानाला दोऱ्याने बांधलेली. शिजलं की सगळं आमच्या यंत्रातून फिरवायचं, सालं आणि बिया वर राहतात. होळीला त्यातून पुरण निघतं तेव्हा मला हटकून लसणाचा वास येतो, पण ते मी घरात बोलत नाही. मग तो रस पुन्हा गॅसवर ठेवायचा. बशीत थेंब टाकला आणि कडेने पाणी सुटलं नाही, की साखर, मीठ, सिरका. आणि मग चव. सासूबाई चाखून 'बंद कर' म्हणाल्या की भाभी गॅस बंद करतात. त्याआधी नाही, टोप खाली लागायला आला तरी नाही.

एका वर्षी नेमकी एकादशी आली. टोपाच्या या बाजूला रोजा, त्या बाजूला उपास, आणि मध्ये सॉस रटरटतोय. मी माहेरी. शेवटी रिकामे क्रेट न्यायला आलेल्या सुनीलच्या हातावर चमचाभर ठेवला. तो म्हणाला, चांगला हाय. सासूबाई अशा उखडल्या त्याच्यावर! चांगला हाय ही काय चव झाली, खारट का आंबट ते सांग. तेव्हापासून सुनील क्रेट उंबऱ्यात ठेवून पळतो.

यंदा थंडीत सासूबाईंना ताप आला. ताप गेला, आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. मला कळलं ते भलत्याच गोष्टीवरून. एक दिवस आमटी खाऊन म्हणाल्या, 'छान झालीय गं.' मी हातातली पळी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी भाजी छान, तिसऱ्या दिवशी कढी छान. मी अशी तरंगत होते म्हणून सांगू! आईला फोन करून कळवलं. मग एकदा वरणात मीठ घालायचंच राहिलं, आणि त्याही दिवशी 'छान' आलं, तेव्हा मात्र मी धाडकन जमिनीवर आले.

खोदून विचारलं तर आधी माझ्यावरच खेकसल्या. मग कबूल झाल्या. डॉक्टर म्हणतात हळूहळू येईल, किंवा नाहीही येणार. वर मला दम भरला, की यातलं अक्षर नफिसाला कळता कामा नये. का, ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. सासरे गेल्यापासून त्यांचं बाहेर जाणं म्हणजे देऊळ आणि शेजारचं घर. देवळात त्यांना कोणी बोलवत नाही, त्या आपल्या जातात. बोलावणं येतं ते या एकाच घरातून, आणि तेही जिभेसाठी.

त्यात यंदाचा सॉस नेहमीसारखा नव्हता. भाभींची झिनत लग्न होऊन खोपोलीला गेलीय. लग्नानंतरच्या पहिल्या रमजानात लेकीच्या सासरी माहेरची इफ्तारी जायची होती. समोसे, कटलेट, फळं, खजूर आणि सॉसच्या बाटल्या. झिनतच्या सासूबाई मोठ्या सुगरण, त्यामुळे भाभींना आठ दिवस झोप नव्हती. शुक्रवारी सामान निघायचं होतं, आणि बुधवारी भिंतीपलीकडून हाक आली.

मीही मागोमाग गेले. म्हटलं, चोरून चमचाभर चाखते आणि सासूबाईंना काहीतरी खूण करते. कसलं काय! मी पळीकडे हात नेला मात्र, त्यांनी असं बघितलं की हात आपोआप मागे आला. भाभींनी चमचा भरून फुंकर घालून पुढे धरला. सासूबाईंनी डोळे मिटले, जीभ टाळूला लावली, अगदी दरवर्षी लावतात तश्शी. आणि दरवर्षीचंच वाक्य म्हणाल्या, 'मीठ कमी आहे. दोन चमचे घाल अजून.'

दरवर्षी ते खरंच असायचं. चव बघता येत नाही म्हटल्यावर भाभी मीठ भीतभीत घालायच्या, ते कमीच पडायचं. पण यंदा त्यांचा हात मिठाच्या बरणीवर अडकला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. मग त्यांनी मुकाट्याने दोन चमचे मीठ टोपात टाकलं आणि ढवळलं. सासूबाई म्हणाल्या, बंद कर. गॅस बंद झाला.

पहिली वाटी आमच्याकडे यायची, तशी ती आली. संध्याकाळी मी घावन केले. माझ्या नवऱ्याने, अनुपमने, सॉस लावून घास तोंडात घातला आणि तांब्याभर पाणी संपवलं. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'खारट झालाय ना?' मी म्हटलं, थोडासा. त्या म्हणाल्या, खोटं बोलू नकोस. आणि ताट सारून बसून राहिल्या.

'तिच्या लेकीच्या सासरी तिची शोभा करणार होते मी,' त्या म्हणाल्या. 'आता कशाला हाक मारेल ती मला?'

सासरे गेले तेव्हाही ही बाई चारचौघांत रडली नव्हती, आज रडली. मला फार वाटलं की त्यांना जवळ घ्यावं, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही. मी ताट उचललं, मोरीशी गेले आणि तिथे उभी राहून रडून घेतलं.

रोजा सुटल्यावर भाभी आल्या. हातात ताटलीत भजी आणि खजूर. त्या अजून बसल्याही नव्हत्या, तोच सासूबाई म्हणाल्या, 'नफिसा, मला थंडीपासून चव लागत नाही. तुला सांगितलं नाही.'

'मला ठाऊक हाय, काकी.'

ते कसं, हे भाभींनी खाली मान घालून सांगितलं. रमजानच्या पंधरा दिवस आधी, शबे-बरातला, त्यांनी आमच्याकडे हलवा पाठवला होता. साखर पार कमी पडलेली, आणि सासूबाई भिंतीवरून ओरडून म्हणाल्या होत्या, झकास. आजवर कशालाही झकास न म्हटलेली बाई! भाभी म्हणे घरात जाऊन रडल्या. आणि म्हणूनच यंदा सॉसमध्ये मीठ त्यांनी आधीच अंदाजाने पुरेपूर घातलं होतं, काकींनी नुसतं 'बंद कर' म्हणावं म्हणून.

झालं! सासूबाई अशा तापल्या. 'मग माहीत होतं तर मी सांगितलेलं मीठ घातलंस कशाला? अक्कल काय गहाण ठेवली होतीस?' महिन्याभराने ती जीभ ऐकली आणि मला एवढं बरं वाटलं की हसूच येत होतं.

भाभींनी ताटली खाली ठेवली. 'टोपाशी तुमी सांगायचं नि मी ऐकायचं,' त्या म्हणाल्या. 'तुमच्या सुनेसमोर मी नाय कसं म्हणू? टोमॅटो काय, उद्या अजून येतील.'

गुरुवारी सुनीलचा टेंपो पुन्हा आला, आणि क्रेट उंबऱ्यात टाकून तो पुन्हा पळाला. नवे टोमॅटो शिजवून, पुरणयंत्रातून काढून, मीठ अजिबात न घालता आटवले आणि कालचा खारट सॉस त्यात मिसळला. चाखायला मी. मी म्हटलं, छान झालाय. छान ही काय चव झाली, दोघी एकदम माझ्यावर ओरडल्या. मग मी नीट चाखलं आणि सांगितलं, मीठ बरोबर आहे, आंबटपणा जरा पुढे येतोय. सासूबाईंनी मूठभर साखर घालायला लावली. पुन्हा चाखलं. आता जमून आला होता. मी म्हटलं, झालं भाभी, करा बंद.

भाभी हलल्या नाहीत. त्यांनी चमचा भरला, फुंकर घातली आणि सासूबाईंच्या पुढे धरला. मला कशाला, मला काय कळणार आहे, असं पुटपुटत सासूबाईंनी तो घेतला. डोळे मिटले. जीभ टाळूला लावली.

'काही कळत नाही गं,' त्या म्हणाल्या.

भाभी मानेने हो म्हणाल्या आणि गॅसच्या बटणावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. सॉस रटरटत होता, कडेने धरायला लागला होता. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, टोपात डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, 'अगं बंद कर ना, खाली लागेल.'

मग भाभींनी गॅस बंद केला.