डॉक्टर मागून काय सांगत होते

मैत्रिणींनो, आपली ही फिरती वही उद्या पुढच्या घरी द्यायची आहे, पण आज दुपारचं लिहिल्याशिवाय ती सोडवत नाही.

माझ्या भाचीची सहा वर्षांची लेक शांता महिनाभर तापात आहे. आज तिला वसमतच्या दवाखान्यात नेलं. फुप्फुसाभोवती पू साचलाय, तो काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. भाचीनं लेकरू उचललंच.

"चला मावशी. काहून चिरू द्यायचं लेकराला? पुसेगावात बिब्ब्याचे डाग देणारी हाय."

मी दारात आडवी झाले. "बस खाली. पुरतं ऐकून तर घे."

चिरायचं नव्हतंच. बरगड्यांमधली जागा बधिर करून डॉक्टरांनी जाड सुई घातली, वाटीभर पू ओढून काढला आणि नवं औषध आत सोडलं. आणखी दोन-तीनदा करावं लागेल. शांता रडली, मग भाकर मागू लागली.

दहा वर्षांपूर्वी माझी लेक सुमन अशीच आजारी होती. 'बरगडी कापणे' एवढं कानावर पडताच मी तिला दवाखान्यातून घरी आणलं, बिब्ब्याचे डाग दिले. चौथ्या दिवशी ती गेली.

निघताना मी डॉक्टरांना विचारलं, ही सुई कधी आली?

"औषध नवं आहे बाई, सुई जुनीच. आधी सुईनंच काढून बघतात. नाही भागलं तर बरगडी."

तेव्हाचे डॉक्टर काहीतरी सांगत माझ्यामागे व्हरांड्यापर्यंत आले होते. दुपारपासून त्यांचा आवाज ऐकू येतोय.

तुम्ही माझ्या जागी असता, तर आज सुईचं विचारलं असतं का?