धुतलेली गाडी आणि उपाशी अक्का

आमच्या पारोळ्यात बाईला स्वयंपाक आणि पुरुषाला मोटरसायकल जन्मतःच कळते, असा समज आहे. स्वयंपाक आम्ही निदान शिकतो तरी.

त्या दसऱ्याला आबांनी सकाळीच गाडी पाण्याच्या मोटरीचा पाइप लावून धुतली. पूजेआधी गाडी कोरडी पुसून भागत नाही, ती बुचकळून काढावी लागते. "जरा बेतानं," मी म्हटलं. "आत पाणी जाईल."

"त्याचा बंदोबस्त केलाय मी," आबा म्हणाले. माझे वडील बंदोबस्त केल्यावर तो काय केला ते सांगत नाहीत.

मग हळद-कुंकू झालं, झेंडूचा हार झाला, नारळ फुटला. आबांनी किक मारली. गाडी खोकली आणि गप्प बसली.

एरवी मी हसले असते. पण तिकडे एरंडोलला अक्का उपाशी बसली होती. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, आबांना अक्कानंच वाढवलं. दसऱ्याला भावानं हातावर सोनं ठेवल्याशिवाय ती पोटात अन्न घालत नाही. आता तिला मधुमेह आहे, तरी तिचा नेम मोडत नाही.

"माझ्या स्कुटीवर चला," मी म्हटलं.

"पूजा हिची केली, हिच्यावरच शीव ओलांडायची. तुझ्या स्कुटीची पूजा कुठं झालीय?" खरंच होतं. स्कुटी वर्षभर रोज सुरू होते, त्यामुळे तिची पूजा करायचं कुणाला सुचत नाही.

मी अक्काला फोन केला. "येऊ दे त्याले. मी वाट दखस," ती म्हणाली.

दसरा असल्यामुळे माणसं येतच होती. प्रत्येक जण सोन्याबरोबर एक सल्लाही देत होता. शेजारच्या नानांनी प्लग काढायला लावला. तो ओला होता म्हणून गॅसवर भाजला. शेजारी आई खापरावर पुरणाचे मांडे करत होती, तिनं फक्त एकदा कपाळावर हात मारला. चुलतभाऊ ट्रॅक्टरवाला, त्याला सगळा दोष पेट्रोलमध्येच दिसतो. त्यानं कार्बोरेटर रिकामा केला. धुळ्याच्या मेव्हण्यांनी व्हिडिओ कॉलवर किकचा आवाज ऐकून बॅटरी गेल्याचं निदान केलं.

"सायलेन्सरमध्ये पाणी गेलं असेल," नाना म्हणाले.

"शक्यच नाही," आबा म्हणाले. "तिथं एक थेंब गेलेला नाही."

दुपार कलली. मला राग आवरेना. "म्हातारी तिकडे चक्कर येऊन पडेल आणि तुम्ही इथं गाडी भाजताय!" आबांनी मान खाली घातली आणि आणखी जोरात किक मारली.

तेवढ्यात दारात काळी-पिवळी थांबली. तिच्यातून अक्का उतरली. चेहरा उतरलेला, आवाज मात्र तोच.

"काय व्हयनं?"

सगळे एकदम बोलू लागले. अक्कानं प्लग, पेट्रोल, बॅटरी सगळं ऐकून घेतलं आणि आबांकडे पाहिलं. "नळीमा चिंधी कोंबेल व्हई ह्यानी. धाकलपने बी असाच करे. मोरीमा चिंधी कोंबे, आन पानी तुंबनं का माले हाक मारे."

आबांचा चेहरा पाहून मला सगळा बंदोबस्त कळला. चुलतभावानं सायलेन्सरमध्ये तार घातली. आबांच्या जुन्या बनियनची अर्धी बाही बाहेर आली, आणि पुढच्या किकला गाडी सुरू झाली. नाना लगेच म्हणाले, "मी सायलेन्सरच म्हणत होतो." धुळ्याहून मेव्हणे अजून बॅटरीवरच होते.

आबा खूश झाले. "बैस अक्का. तुला एरंडोलला नेतो, शीव ओलांडतो आणि तुझ्या घरी सोनं देतो."

"शीव मी ओलांडी उनू," आल्या रस्त्याकडे बोट दाखवत अक्का म्हणाली. "तू सोनं दे. मंग माले जेवाले वाढ."

आबांनी खिशातून आपट्याचं पान काढलं. ते भिजून चुरगळलं होतं. काळ्या हातांनीच त्यांनी ते अक्काच्या हातावर ठेवलं आणि तिच्या पाया पडले. मग आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः स्वयंपाकघरात गेले आणि ताट वाढून घेऊन आले. अक्कानं मांड्याचा पहिला तुकडा मोडला. आबा तिच्यासमोर खालीच बसून राहिले. दारात गाडी चालूच होती, आणि ती बंद करायला ते उठले नाहीत.